फेअर न केलेला अर्ज

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आमची प्लाटून सीमेवरच्या एका डोंगरी पोस्टवर चढली. माणसं अठ्ठावीस. सामान खेचरांवर, आणि खेचरं जिथं नाही म्हणत तिथून पुढं आमच्या पाठीवर. पहाटे साडेपाचला स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्चावर उभं राहणं, सहाला चहा. साडेसहाला मी टेलिफोनवर बसून खालच्या कंपनी हेडक्वार्टरला म्हणायचो, "लाईन ओके." पलीकडून उत्तर यायचं, "ओके." देशाचं रक्षण मी बहुतांशी या दोन शब्दांनी केलं.

हे सरकारी काम. बिनसरकारी काम म्हणजे प्लाटूनची पत्रं आणि अर्ज लिहून देणं. शाळेत असताना शेजारच्या आळे गावच्या हस्ताक्षर स्पर्धेत माझा पहिला नंबर आला होता. ही गोष्ट पोस्टवरच्या सत्तावीस जणांना मी स्वतः सांगितली होती. अठ्ठाविसावा मीच.

त्या सत्तावीसांत शिपाई मारुती केंगले होता. तो आणि मी एकाच दिवशी भरती झालो, अठराव्या वर्षी. मी जुन्नर तालुक्यातल्या बोरी बुद्रुकचा, दत्तू जाधव. तो आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेचा, डोंगरातला. ट्रेनिंग सेंटरवर पहिल्याच सकाळी उस्तादांनी रांगेत विचारलं, "गाव?"

मी छाती काढली. "शिवनेरी, उस्ताद!"

गड आणि आमची बोरी यांच्यामध्ये निम्मा तालुका पसरलाय. आमच्याकडची सगळ्यात उंच जागा म्हणजे कालव्याचा भराव. पण तालुक्याबाहेर पडला की प्रत्येक जुन्नरकर गडावरच जन्मलेला असतो. उस्ताद खूश झाले. म्हणाले, "मग टेकडीवर सगळ्यांच्या पुढं तू." अर्ध्या टेकडीत मी पालथा पडलो. माझी रायफल कुणीतरी उचलली आणि एक शब्द न बोलता माथ्यापर्यंत नेली. तो केंगले.

उस्तादांनी मग त्याला विचारलं, "तुझं गाव?"

तो खाली बघत राहिला.

"अरे, गाव बोल!"

"पाण्यात हाय, उस्ताद."

सगळी रांग हसली. सगळ्यात मोठ्यानं मी.

तो खरं सांगत होता. डिंभ्याचं धरण भरलं तेव्हा त्याचं गाव खाली गेलं. पुष्कळ माणसं दुसरीकडं उठून गेली. केंगल्यांची दहा-बारा घरं तिथंच वरच्या डोंगराला जाऊन बसली. त्या वस्तीला तेव्हा कागदावर नाव नव्हतं. क्लार्कसमोर आमचे फॉर्म भरायला घेतले तर रकाने असे: गाव, पोस्ट, तारघर, जवळचं रेल्वे स्टेशन. केंगलेकडं यातलं काहीच नव्हतं. क्लार्क वैतागला. मी पुढं झालो.

"साहेब, लिहा. मार्फत जाधव, मुक्काम पोस्ट बोरी बुद्रुक."

"तू कोण याचा?"

"भाऊच समजा."

क्लार्कनं फॉर्म माझ्याकडंच सरकवला. मी वळणदार अक्षरात माझ्या घरचा पत्ता त्याच्या नावाखाली लिहिला. केंगलेनं सही केली. त्याला काय वाटतं हे मी विचारलं नाही. आपण केवढा उपकार केला या आनंदात मी त्या दिवशी मेसमध्ये दोन चपात्या जास्त खाल्ल्या.

पाच वर्षं तोच पत्ता चालला. त्याची पत्रं आमच्या घरी येत. माझे वडील, नाना, मंचरच्या बाजाराला गेले की केंगलेच्या चुलत्याच्या हाती देत. चुलता म्हणे, "आमचं पोरगं आता बोरीचं झालं, पावणं." नाना हे मला हसत सांगत. मीही हसायचो.

एका मे महिन्यात आम्ही दोघं मिळून रजेवर आलो. तो मला त्याच्या घरी घेऊन गेला. धरणाचं पाणी आटलं होतं आणि जुन्या गावाची जोती उघडी पडली होती. तो भेगाळलेल्या गाळातून सरळ चालत गेला, एका दगडावर उभा राहिला आणि म्हणाला, "हा आमचा उंबरा. हितं चूल व्हती. हितं मी पडलो व्हतो." फौजेत दिवसाला दहा शब्द बोलणारा माणूस तिथं तासभर बोलत होता. मी शहाणपणा करून जवळच्या वाटेनं त्याच्याकडं निघालो आणि गुडघ्यापर्यंत रुतलो. त्यानं मला ओढून काढलं. माझा एक फौजी डीएमएस बूट मात्र आजही डिंभ्याच्या धरणात ड्यूटीवर आहे.

घरी त्याच्या आईनं नाचणीची भाकरी केली. वस्तीला नाव पडलं होतं, पायरवाडी. मोठ्या पायरीच्या झाडाखाली बसून सगळ्यांनी ठरवलेलं. परतीच्या वाटेवर तो म्हणाला, "दत्ता, मला वाटायचं गाव बुडालं म्हंजी मी बी कुठला न्हाई. पन माणसं हायेत ना राव. ती हायेत तिथला मी."

मी म्हणालो, "बरोबर आहे." मला बुटाची काळजी होती.

त्याच वर्षी आम्ही त्या पोस्टवर चढलो. महिन्याभरानं केंगले माझ्या बंकरमध्ये आला आणि एक कागद पुढं केला. घरचा पत्ता बदलण्याचा अर्ज. पहिल्यांदाच त्यानं काही स्वतः लिहिलं होतं. अक्षरं खाली उतरत गेलेली. मजकूर पाठ आहे मला. "मी शिपाई मारुती केंगले अर्ज करतो की माझा घरचा पत्ता बदलावा. माझे गाव पायरवाडी, धरणाच्या वरच्या अंगास, तालुका आंबेगाव. येथे माझी आई राहते. पोस्ट अजून नाही, पण घोडेगावाहून माणूस येतो. जुना पत्ता मित्राचा आहे. मित्राचे घर चांगले आहे पण ते माझे नाही."

मी म्हणालो, "असा अर्ज कंपनीच्या मेजर साहेबांसमोर ठेवायचा? घोडेगावाहून माणूस येतो, हे काय अर्जात लिहायचं असतं? थांब, मी फेअर करून देतो."

"बरं," तो म्हणाला.

कागद माझ्या पेटीत अकरा दिवस राहिला. काम फार होतं असं सांगितलं तर ते खोटं होईल. पोस्टवर चांगला कागद नव्हता आणि पिवळ्या कागदावर माझं अक्षर उठत नसे. मी चांगल्या कागदाची वाट बघत होतो.

अकराव्या दिवशी सकाळी नऊ वीसला शेलिंग सुरू झालं. नऊ तीसला आमच्या आणि कंपनीच्या मधली लाईन तुटली. वायरलेसवर आवाज फुटत होता. नऊ चाळीसला तुटलेली तार जोडायला लाईन पार्टी बाहेर पडली, नाईक पवार आणि शिपाई केंगले. पवार सांगलीकडचे, दोन मुलींचे बाप. मी फोन कानाला लावून बसलो.

दहा वाजून पाच मिनिटांनी कानात खरखर झाली.

"दत्ता, आयकू येतंय का?"

"येतंय. लाईन ओके."

"अर्ज पाठीवला का?"

"फेअर करतोय रे."

"ऱ्हाऊ दे तुझं फेअर. हाय तसा पाठीव."

"बरं. परत या लवकर."

दहा वाजून सात मिनिटांनी शेल पडला. आवाज मला दोनदा आला, एकदा बाहेरून आणि एकदा फोनमधून.

"लाईन पार्टी, रिपोर्ट."

काही नाही.

"केंगले, रिपोर्ट."

लाईन तुटली नव्हती. ती चालू होती. मी चाळीस मिनिटं ती कानाला लावून बसलो होतो. मग खालून मेजर साहेबांचा आवाज आला, "जाधव, बॉडीज मिळाल्या. लाईन क्लिअर कर." मी म्हणालो, "लाईन क्लिअर, सर."

केंगलेबरोबर पुण्यापर्यंत आणि पुढं घरापर्यंत जायला माझं नाव निघालं. जिल्हा एकच म्हणून. तिसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता आम्ही पुण्याहून थ्री-टन गाडीनं निघालो. नायब सुभेदार साहेब, सहा जवान, मागं केंगलेची पेटी. अर्ज माझ्या खिशात होता. तो कुणाला द्यावा हे मला समजत नव्हतं.

राजगुरुनगर मागं पडल्यावर साहेबांनी कागद उघडला. "बोरी बुद्रुक. जाधव, तुझंही गाव तेच ना?"

"जी साब. पण केंगलेचं घर तिथं नाही."

"मग कागदावर?"

मी सांगितलं. साहेबांनी गाडी बाजूला घ्यायला लावली.

"म्हणजे तार तुझ्या घरी गेली."

"जी."

"आणि याच्या आईला कुणी सांगितलं?"

तीन दिवस मी त्या पेटीशेजारी बसलो होतो. हा प्रश्न माझ्या डोक्यात एकदाही आला नव्हता. "कुणीच नाही, साब," मी म्हणालो.

साहेब माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "आपण त्या माउलीच्या दारात ही पेटी अशीच उतरवायची?"

मंचरला एसटीडी बूथवरून मी आमच्या गावातल्या शेठजींच्या दुकानात फोन लावला. त्यांचे आजोबा मारवाडातून आलेले, पण शेठजी बोलायला आमच्याहून पक्के बोरीकर. गावात इंग्रजी तार वाचून दाखवायची ती त्यांनीच.

"दत्तू, अरे कुठं आहात? इथं सगळं गाव उभं आहे. शाळेची पोरं फुलं घेऊन दोन तास उन्हात उभी केलीत."

"शेठजी, गाडी तिकडं येत नाही. नाना कुठंत?"

"नाना काल दुपारीच यष्टीनं गेले. तार वाचून दाखवली तशी पिशवीबी नाही घेतली. म्हणाले, सांगायला कुणीतरी पायजे."

आम्ही मंचरवरून डावीकडं वळलो. घोडेगाव, मग धरणाच्या कडेनं. रस्ता संपला तिथं नाना उभे होते. सोबत वाडीतली माणसं, खांद्यावर वासे आणि दोर. नाना आदल्या दिवशी दिवेलागणीला वाडीत पोचले होते, शेवटचे सात-आठ किलोमीटर पायी. पुढं कधीतरी त्यांनी मला सांगितलं ते एवढंच. केंगलेची आई दारात धान्य निवडत बसली होती. मंचरच्या बाजारात तिनं त्यांना पाहिलेलं होतं; ओळखून म्हणाली, "दत्ताचं नाना ना तुमी? पत्र चुलत्याकडं दिलं असतं, हितवर कशापायी आला?" नानांनी टोपी काढली आणि म्हणाले, "बाई, आपला पोरगा गेला."

पेटी वर न्यायला दीड तास लागला. अंगणात उतरवली. आई पेटीला हात लावून बसली. रडून झालं होतं तिचं. थोड्या वेळानं तिनं मला जवळ बोलावलं.

"उन्हाळ्यात आल्याला दत्ता ना तू?"

"व्हय आई."

"येक सांग मला. तार तुमच्या घरी गेली. पाच वरीस पत्रं बी तिकडंच. आमी हितं व्हतो ना. आमचा पत्ता त्यानं का न्हाई दिला? लाज वाटायची का त्याला आमची?"

सगळी वाडी माझ्याकडं बघत होती. मला कुणी काही विचारावं आणि मला थाप सुचू नये, असं जन्मात पहिल्यांदा झालं.

"तो पत्ता त्यानं न्हाई लिहिला, आई. मी लिहिला. त्याला न विचारता." मी खिशातून कागद काढला. "त्यानं लिहिला तो हा."

मी वाचला. 'येथे माझी आई राहते' पासून पुढं 'ते माझे नाही' पर्यंत, सगळा.

"कंदी लिवला ह्यो?"

"आज चौदावा दिवस."

"मंग सायबाला का न्हाई दिला?"

"अक्षर चांगलं नव्हतं म्हणून ठेवला होता. मी."

नाना खाली बघत होते. तिनं शिवी दिली असती, कानाखाली मारली असती, तर मी ती जन्मभर जपून ठेवली असती.

"परत वाच," ती म्हणाली.

मी चार वेळा वाचला. चौथ्या वेळेला ती माझ्या आधीच पुटपुटत होती, घोडेगावाहून माणूस येतो. मग तिनं पेटीवरून हात काढला आणि साहेबांना म्हणाली, "आता न्या त्याला."

दुपारी दोन वाजता सहा रायफलींनी सलामी दिली. आवाज धरणावरून फिरून परत आला. साहेबांनी माझ्या हातातून अर्ज घेतला आणि घडी न मोडता फाईलमध्ये ठेवला. मी म्हणालो, "साब, फेअर—" ते म्हणाले, "हा असाच जाईल, जाधव."

तसाच गेला. पत्ता बदलून आला तो दोन महिन्यांनी. त्यानंतर मी फौजेत बारा वर्षं होतो. अर्ज पुष्कळ आले माझ्याकडं. ते मी आले तसे, त्याच दिवशी पुढं पाठवले.

त्या पोस्टवर आमची दोन माणसं कायमची राहिली. नाईक पवारांच्या घरी मी गेलो नाही. ते घरात कसे होते हे त्यांच्या मुलींना ठाऊक. आम्हाला ते ठाऊक आहेत ते रोज सकाळी सगळ्यांच्या आधी दाढी करून बसणारे, आणि लाईन तुटली की कुणी नाव घ्यायच्या आत बूट बांधणारे.

मारुती चढावर कधी बोलत नसे. पाऊस येणार असला तर वायरलेसच्या आधी सांगे. शेवटच्या आठवड्यात साताऱ्याकडचा एक नवा जवान पोस्टवर आला होता. चहा घेताना त्यानं सहज विचारलं, "केंगले भाऊ, तुमी कुठले?" मारुतीनं चहाचा मग खाली ठेवला. उभा राहिला. म्हणाला, मंचरला उतरायचं, तिथनं घोडेगाव, मग धरणाच्या कडंकडंनं रस्ता संपंतवर, मग वर चढायचं, पायरीचं मोठं झाड दिसंल तिथं विचारायचं. त्या जवानाला तिकडं कधीच जायचं नव्हतं. चहा गार झाला, पण मारुतीनं पुरा रस्ता सांगितला.