वरच्या बंकवरचे उमेदवार

निष्पक्षपणापायी वजन घटलेला माणूस उभ्या सौदी अरेबियात एकच असेल, आणि तो राबिघच्या आमच्या लेबर कॅम्पात माझ्या वरच्या बंकवर झोपायचा. काका वेल्डर, गुहागरकडचे. आम्ही मराठी मंडळी दरवर्षी मतांच्या चिठ्ठ्या टाकून एक पंच निवडायचो. एसी कितीवर ठेवायचा, वॉशिंग मशीनवर आधी कोणाचा नंबर, असले खटले त्याने निकालात काढायचे. पण गावाकडे पक्ष फुटला की इथे कोकणवाले आणि कोल्हापूरकर यांची डाळीची पातेली वेगळी व्हायची, आणि पंच आपल्या पक्षाच्या माणसाला रिमोट देऊन मोकळा. हे थांबवायला काका स्वतःच उभे राहिले. अगदी मनापासून हवं होतं त्यांना ते पंचपद.

उभे राहिल्या दिवसापासून त्यांनी कोकणवाल्यांची आमटी सोडली, कोल्हापूरकरांचा रस्साही सोडला. महिनाभर नुसता खुबूस, म्हणजे इथली अरबी रोटी, आणि दही. नमस्काराची तर पंचाईतच, कारण गावाकडच्या प्रत्येक नमस्काराला हल्ली कुठला ना कुठला पक्ष चिकटलेला. मग समोरचा काहीही म्हणो, काका गंभीर चेहऱ्याने अरबीत उत्तर द्यायचे, "यल्ला." म्हणजे नुसतं 'चला'. बायकोचा फोन आला तरी आधी यल्ला.

मला कुठलं राहवतंय! कोकणवाल्यांच्या चुलीपाशी जाऊन मी हळूच म्हणालो, काका आपला माणूस आहे. काका एका मताने निवडून आले. मी खजूर वाटत सुटलो, आणि तोंडात खजूर असतानाच एका शहाण्याने माझं ते वाक्य सगळ्यांदेखत सांगून टाकलं. काकांनी मला विचारलं, म्हणालास? म्हणालो, म्हणालो. त्यांनी शांतपणे माझं मत बाद केलं. मतं समान झाली, मग चिठ्ठी उचलली, ती कोल्हापूरकरांच्या उमेदवाराची निघाली. पहिली टाळी काकांनीच वाजवली.

मी इतका चिडलो की वर्षभर त्यांच्याशी बोललो नाही. खालच्या बंकवर राहून वरच्याशी अबोला धरणं सोपं नसतं. रोज पहाटे शिडी उतरताना ते मात्र न चुकता "यल्ला" म्हणायचे.

यंदा त्यांनी इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, पुढे वाढवला नाही, कायमचे निघाले. गेटवर दोन्ही पातेल्यांची माणसं आली होती. मी वाकून पाया पडलो, चुकलंच माझं म्हणालो. काकांनी खांद्यावर हात ठेवला.

"अरे, मत बाद केलं होतं. तुला नाही."

गाडी सुरू झाली. सगळ्यांचे हात वर गेले, पण निरोपाच्या प्रत्येक नमस्काराला कुठला ना कुठला पक्ष चिकटलेला. मग मीच म्हणालो, "यल्ला, काका."