बुदैयाच्या धुक्यातली हाक

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यातला मी नाही. मी असल्या गोष्टी करणाऱ्यातला! तासगावला आमच्या गल्लीत चिंचेखाली जी बाई रडायची म्हणून लोक सातनंतर तिकडून जायचे नाहीत, ती बाई मीच होतो. नववीत होतो तेव्हा. त्यामुळं इथं ग्रुपवर कुणी ‘आवाज आला, आवाज आला’ असं लिहिलं की मी मनात विचारतो, काढला कुणी ते बघा की आधी...

पण हे जे झालं त्यात आवाज काढणारा मी होतो, आणि नव्हतोपण. सांगतो नीट.

मी बहरीनला एका फार्म स्टेवर कामाला आहे. बुदैया हायवेवरून आत वळलं की नवे व्हिला लागतात, ते संपले की एक कच्ची गल्ली, आणि गल्लीच्या टोकाला आमची खजुराची बाग. पाहुण्यांसाठी चार खोल्या, दोन गायी, शेळ्या, कोंबड्या, एक गाढव आणि फोटोपुरता एक उंट. उंटाला काम कमी, मान जास्त. गुरुवारी संध्याकाळी गाड्या येतात, शनिवारी जातात. पाहुण्यांना दूध काढायला शिकवायचं, पोरांना घेऊन अंडी गोळा करायची, गाढवगाडीतून चक्कर मारायची, तंदूरवर खुबूस, म्हणजे इथल्या रोट्या, भाजायचे – ह्या सगळ्या अ‍ॅक्टिव्हिटी माझ्याकडं. माझा खास आयटम म्हणजे पाहुण्यांच्या डोळ्यांवर पट्टी बांधायची, मग एकदा शेळी ओरडणार, एकदा मी. खरी शेळी कोणती ते ओळखा. शेळी बहुतेक वेळा हरते.

आमचे मॅनेजर सलीमभाई, दापोलीचे. त्यांचं ‘यल्ला यल्ला, काम कर, नाटक मफी’, म्हणजे नाटक नको, मी इतकं हुबेहूब काढतो की एकदा फोनवर त्यांच्या बायकोनं मला घरचा सगळा बाजार सांगितला. सलीमभाई तेव्हापासून फोन खिशातच ठेवतात.

तर गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. शहरातल्या सलमानिया भागातून एक मराठी कुटुंब आलं. नितीनदादा इंजिनिअर, वहिनी, आणि दादांचे वडील अप्पा. अप्पा म्हसवडकडचे, जन्म गुराढोरांत गेलेला. बायको वारली आणि त्यांचं विसरणं वाढत गेलं, म्हणून दादांनी त्यांना इकडं आणलं. वहिनी मला हळूच सांगत होत्या, फ्लॅटमध्ये ते दिवसभर गप्प बसतात, आणि मधेच उठून पार्किंगमध्ये म्हैस शोधायला जातात. एकदा सरळ रस्त्यावर जाऊन उभे राहिले. तेव्हापासून दाराला कुलूप. जरा मोकळं वाटेल म्हणून इथं आणलंय, तेवढं लक्ष असू दे, म्हणाल्या.

मोकळं वाटलं की! गाय दिसल्याबरोबर अप्पांच्या पाठीचा बाकच गेला. मी धार काढून दाखवत होतो तर माझ्या मागं येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “आचळ वडतुयास का देवळातली घंटा वाजवतुयास?” सगळे पाहुणे हसले. मला बाजूला सारून स्वतः बसले, आणि बादलीत अशी धार लागली की काय सांगू. नितीनदादा मोबाइल काढायचं विसरून नुसते बघत उभे होते.

शुक्रवारी सकाळी मी उठून दार उघडलं तर बाहेर जगच नाही. धुकं. इथं हिवाळ्यात कधीकधी पडतं, पण इतकं मी पहिल्यांदाच बघितलं. खजुराचे नुसते बुंधे दिसत होते, वरची झाडं कुणीतरी उचलून नेल्यासारखी. गाढव उभं होतं ते पाय नसल्यासारखं, तरंगत. हायवेचा आवाज बंद. पानांवरून थेंब पडायचा तेवढाच टप्प... पुन्हा टप्प... मी स्वतःशी शीळ घालून बघितली तर तीपण तोंडापुढंच विरघळली. झोप अजून संपलीच नाही असं वाटत होतं.

आणि त्या धुक्यातून नितीनदादा पळत आले. अनवाणी. अप्पा खोलीत नव्हते.

फार्म लहान आहे हो, दिवसा एका नजरेत बसतं. पण मागच्या अंगाला बागेच्या पाण्याचा जुना हौद आहे. दोन पुरुष खोल. त्याची एक बाजू जमिनीच्या बरोबरीनं आहे, कठडा नाही, आणि कडेला कायम चिखल. पोरांसाठी तिथं दोरी बांधलेली असते, ती आदल्या दिवशी साफसफाईला सोडली होती आणि परत बांधली नव्हती. गडबड ऐकून सलीमभाईपण बाहेर आले. सलीमभाईंनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं. दादांना कुणीच काही सांगितलं नाही, पण तिघंही तिकडंच निघालो. मागून वहिनी. एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून, कारण चार पावलांपुढचं दिसत नव्हतं.

दादा ओरडत होते, “अप्पा! अप्पा!” सलीमभाई “चाचा” म्हणाले, “बाबा” म्हणाले. मीपण दोनदा अप्पा म्हणून बघितलं. मग दादाच थांबले आणि म्हणाले की सकाळी उठल्यावर त्यांना आपण अप्पा आहोत हेच आठवत नाही. सकाळी ते तरुण असतात. लग्न नुकतं झालेलं असतं.

सलीमभाईंनी सुचवलं की मग नावानं हाक मारू. दादांनी तोंड उघडलं... आणि त्यांना जमेना. बापाचं नाव ओरडायला जीभ वळेना हो. हौद समोर कुठंतरी, आणि माणूस नुसता ओठ हलवतोय. मी त्यांना हसणार नाही, माझीपण वळली नसती. शेवटी आम्हाला तिघांना ऐकू जाईल एवढंच म्हणाले, “ज्ञानू. पण नावानं त्यांना हाक मारणारी सगळी माणसं गेली.”

वहिनी म्हणाल्या, “आई कुठं नाव घ्यायच्या? आईंच्या ‘अहो’ला मात्र ते घास टाकून उठायचे.”

झालं. माझ्यासारख्याला एवढं पुरे. मी गळा बारीक केला आणि बाईच्या आवाजात लांबलचक हाक मारली, “अहोऽऽ!” खरं सांगायचं तर साफ नाटकी. मालिकेतल्या सुनेसारखी. त्या माउलीचा आवाज मी कधी ऐकलेलाच नव्हता.

हाक धुक्यात गेली. टप्प... टप्प...

आणि उजवीकडून, लसूणघासाच्या वाफ्यांपलीकडून, आवाज आला. “अहो. इकडं या. तिकडं वल हाय.”

मोठ्यानं नाही. काहीतरी कामात वाकलेली बाई मान वर न करता बोलते, तसं. मधे एक श्वास घेतलेला. मी नकलाकार आहे, मला आवाजात काय काय असतं ते कळतं. दमलेला आवाज काढता येतो, रागाचा काढता येतो. पण पन्नास वर्षं एकाच माणसाला हाक मारून मारून गुळगुळीत झालेला आवाज... तो काढता येत नाही. तो वापरावा लागतो.

सलीमभाईंचा हात माझ्या खांद्यावर होता. त्यांनी माझं तोंड बघितलं. बंद होतं. “हे तू नाही ना काढलंस?” त्यांनी विचारलं. मी नाही म्हणून मान हलवली. नितीनदादा आवाजाच्या दिशेनं वळले. एवढंच म्हणाले, “आई.”

मग आम्ही एकेक वाफा पायानं चाचपडत उजवीकडं गेलो. वाफे ओलांडले की तिथं एक बोराचं झाड आहे, खाली जमीन कोरडी, उंचवट्याची. अप्पा तिथं मांडी घालून बसले होते, शर्टाच्या ओच्यात बोरं. गुडघ्यापर्यंत चिखल. आम्हाला बघून दोन बोरं पुढं केली.

ऊन आल्यावर मी आणि सलीमभाई हौदाकडं जाऊन आलो. चिखलात अप्पांची पावलं सरळ कडेपर्यंत गेलेली. कडेला दोन्ही पाय जुळलेले, बोटं पाण्याकडं. आणि तिथून वळून, वाफ्यांच्या दिशेनं. दुसऱ्या कुणाची पावलं नव्हती. बाकीचे पाहुणे रात्रीच परतले होते, त्यामुळं त्या सकाळी फार्मवर बाईमाणूस म्हणाल तर फक्त वहिनी, आणि त्या आमच्या मागंच होत्या, दादांचा सदरा धरून. सलीमभाईंनी दोरी बांधली. दुहेरी.

नाश्त्याला अप्पा माझ्या शेजारी बसले. खुबूस चहात बुडवत माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, “पयली हाक तू मारलीस व्हय?” मी हो म्हटलं. म्हणाले, “बरी मारतुस. पर ती कदी एवढी वरडत न्हाई.”

मी ह्याच्यावर खूप डोकं चालवलंय. प्रतिध्वनी म्हणावं तर प्रतिध्वनी शब्द बदलत नाही. शेजारच्या फार्मवर कुणी असेल म्हणावं तर तिथं म्हसवडची बोली कोण बोलणार? भास म्हणावं तर चौघांना एकच भास, आणि पाचवा त्या भासाचं ऐकून पाण्यापासून मागं फिरला. कुणाला सुचत असेल तर जरूर सांगा. मला आजपर्यंत सुचलेलं नाही.

शनिवारी निघताना नितीनदादा मला बाजूला घेऊन गेले. आईचं एकही रेकॉर्डिंग त्यांच्याकडं नव्हतं. फोटो आहेत, आवाज नाही. “तू तो ऐकलायस आता,” म्हणाले. “एकदा काढून दाखव ना.”

एकदा ऐकलेला आवाज मी कधी विसरत नाही, ही माझी सगळी मिजास. मी डोळे मिटले. तो श्वास आठवला, ती वाकलेली मान आठवली, सगळं आठवलं. तोंड उघडलं. आलं ते माझंच, ते मालिकेतलं. पुन्हा काढलं. पुन्हा तेच.

दादा म्हणाले, “राहू दे रे.” मग त्यांनी गाडीची किल्ली वहिनींकडं दिली, आणि स्वतः मागच्या सीटवर अप्पांच्या शेजारी जाऊन बसले.