मंदाताईंची चक्कर

"मले नाई घ्याची आता हे गोळी," असं म्हणून मंदाताईंनी गोळ्यांची डबी माझ्या टेबलावर ठेवली. शेजारी त्यांचे यजमान भाऊराव मान खाली घालून बसले होते.

मी अकोल्यातल्या एका खासगी हॉस्पिटलमध्ये क्लिनिकल ट्रायलची कोऑर्डिनेटर होते. नवं औषध बाजारात येण्याआधी ते पेशंटवर तपासून बघतात, ती ट्रायल. आमची गोळी होती डायबेटिसमुळे पायांची आग होते त्यावरची. निम्म्या लोकांना खरी गोळी, निम्म्यांना अगदी तशीच दिसणारी पण औषध नसलेली. तिला प्लासिबो म्हणतात. कोणाला कोणती मिळतेय, हे पेशंटला, डॉक्टरांना, मलाही ठाऊक नसतं. हे पेशंटला आधीच समजावून सांगावं लागतं. शिवाय मनात येईल तेव्हा, कारण न देता बाहेर पडता येतं, हेही.

मंदाताई बार्शीटाकळीजवळच्या एका खेड्यातून यायच्या. ट्रायल संपत आली होती. अशा वेळी पेशंट सोडून गेला की तो ड्रॉपआउट. ड्रॉपआउट वाढले की औषधाची कंपनी आमच्यासारख्या ट्रायल सेंटरवर नाराज. त्यामुळे सरांनी, म्हणजे ट्रायल चालवणाऱ्या आमच्या डॉक्टरांनी, मला केबिनमध्ये बोलावून मंदाताईंची समजूत काढायला सांगितलं. भाऊरावही सरांच्याच बाजूचे. दवाखान्यानं एवढ्या तपासण्या करून दिल्या, आता मधातच सोडणं बरं दिसत नाही, असं ते पुन्हा पुन्हा बायकोला सांगत होते.

"चक्कर येऊन पडून मी राह्यली, तुमी नाई," मंदाताई म्हणाल्या.

मी भाऊरावांना चहाला पाठवलं आणि दार लावून घेतलं. मग सगळं बाहेर आलं. कापूस वेचताना वाकून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. वावरात त्या दोनदा पडल्या होत्या. कोपर सोलवटलं होतं. गेल्या खेपेला सरांनी काही त्रास आहे का विचारलं, तेव्हा भाऊरावांनीच 'सगळं ठीक हाये' म्हणून सांगून टाकलं होतं.

"मले कोनं इचारलंच नाई," त्या म्हणाल्या.

ट्रायल चालू असताना पेशंटला त्रास झाला, तर तो गोळीमुळे असो वा नसो, नोंदवावाच लागतो. मी सरांकडे गेले. नोंद झाली की मागे लागणारी चौकशीची कटकट त्यांना नको होती.

"वैयक्तिक कारणाने सोडली, असं लिही."

"नाही सर. त्या पडल्यात. मी तेच लिहिणार."

"सेंटर माझं आहे."

"हो. पण नोंदीखाली सही माझी असते. खोटं लिहायचं असेल, तर मी आत्ताच एथिक्स कमिटीला फोन करते."

पेशंटच्या हितावर लक्ष ठेवणारी ही कमिटी. सर खुर्ची मागे सारून उठले. मग स्टेथोस्कोप उचलून बाहेर आले.

त्रास नोंदवायचा म्हणजे पेशंट तपासणं आलंच. सरांनी मंदाताईंचं बीपी आधी आडवं झोपवून घेतलं, मग उभं करून. उभ्या राहिल्याबरोबर ते झपकन उतरलं. जुन्या डायबेटिसमध्ये पायांच्या नसा बिघडतात, तशा बीपी सांभाळणाऱ्या नसाही बिघडू शकतात. वरून मंदाताईंची नेहमीची बीपीची गोळी होतीच. सरांनी तिचा डोस कमी केला आणि उठताना घाई करू नका म्हणून बजावलं. ट्रायलची गोळी मंदाताईंनी पुन्हा घेतली नाही. पडणं थांबलं.

ट्रायल संपल्यावर कोणाला कोणती गोळी होती ते कळलं. मंदाताईंना प्लासिबो होती.

सर हसले. म्हणाले, "बघ, उगाच गोंधळ घातलास."

"गोळी खोटी होती, सर. चक्कर खरी होती."

पुढची ट्रायल सरांनी दुसऱ्या मुलीला दिली. काम समजून घ्यायला ती माझ्याकडे आली, तेव्हा सगळ्यात आधी मी तिला एवढंच सांगितलं, की नवऱ्याला बाहेर बसवायचं आणि बाईला विचारायचं.