मेणबत्ती आणि तांब्या

पन्नासच्या दशकात मी पाणी तपासणाऱ्या सरकारी कचेरीत उमेदवारी करत होतो. माझ्याकडे काचेची उंच नळी होती. खाली मेणबत्ती लावायची, वरून ज्योतीकडे बघत पाणी ओतायचं. ज्योत दिसेनाशी झाली की पाण्याची उंची वाचायची. उंची जितकी कमी, पाणी तितकं गढूळ. ज्या वाडीचं पाणी गढूळ, तिला विहीर. एवढ्या भांडवलावर मी स्वतःला शास्त्रज्ञ समजत असे.

मढ गावाच्या पुढे एक डोंगरातली वाडी होती. तिथल्या बायका ओढ्याच्या पात्रात खणलेल्या डवऱ्यातून वाटीवाटीनं पाणी भरत. नळीला अंधार लागतो, म्हणून मी एका घराच्या स्वयंपाकघरात ठाण मांडलं आणि घरच्या बाईला डवऱ्याचं पाणी आणायला सांगितलं. नमुना स्वतः घ्यायचा नियम होता, पण उतार अवघड होता आणि माझे बूट नवे होते. पाणी यायला बराच वेळ लागला. मी डुलकी काढली.

नळी काठोकाठ भरली तरी ज्योत लख्ख दिसत होती. असं पाणी पुण्यातही मिळत नाही, असं मी कौतुकानं बोलूनही दाखवलं. बाई लाजली. कागदावर ‘नमुना कोणी घेतला’ यापुढे मी ‘स्वतः’ लिहून सही ठोकली. विहीर दुसऱ्या गावाला गेली.

पुढच्या उन्हाळ्यात त्याच वाटेनं जाताना पाणी प्यायला तिच्या दारात थांबलो. तिनं जुन्या लुगड्याची तिहेरी घडी करून हंड्यातलं पाणी गाळलं, त्यात तुरटी फिरवली आणि ते निवळेपर्यंत मला बसवून ठेवलं. गेल्या वर्षीही असंच केलं होतं का, मी विचारलं.

“मंग? पावण्याम्होरं गढूळ पानी ठेवायचं व्हय, भाऊ?”

या खेपेला मी बूट काढून डवऱ्यावर उतरलो. तिथलं पाणी आणून नळीत ओतलं. चार बोटांतच ज्योत गेली. नवा कागद भरायला घेतला, पण तो पाठवायचा तर आधी ‘स्वतः’ लिहिलेलं खोटं होतं हे कबूल करावं लागणार होतं, आणि माझी नोकरी त्याच महिन्यात कायम व्हायची होती. कागद मी घडी करून खिशात टाकला. मला माझी लाज वाटली, पण कागद काही खिशातून बाहेर निघाला नाही.

निघताना तिनं विचारलं, “आमची हीर कवा व्हनार?”

होईल म्हणालो. वाटेत तहान लागेल म्हणून तिनं माझ्यासाठी आणखी एक तांब्या गाळायला घेतला.