तरसवाडीची उंची

वैरागच्या बाजारात तरसवाडीचा माणूस लगेच ओळखू यायचा. तो मान वर करून चालायचा. मेंढरं विकायला आलेला असो की मीठ न्यायला, समोरच्याला तो ‘खालची माणसं’ म्हणायचा. बालाघाटाच्या एका उघड्या सोंडेवर ही वाडी होती. खोपट्यांचा पुंजका, वारा, दगड आणि बिरोबाचं एक ठाणं, एवढाच तिचा पसारा. पेंढाऱ्यांच्या भीतीनं पूर्वज वर चढले होते. पेंढारी कधीच मेले, त्यांच्या हाडांची माती झाली, पण तरसवाडी अजून त्यांची वाट बघत वर बसून होती.

वर पाणी नव्हतं. झरा खाली दरीत होता. तिथून घागरी डोक्यावर घेऊन बायका चढायच्या, आणि पुरुष बिरोबापुढच्या चौथऱ्यावर बसून वाडीच्या हवेची तारीफ करायचे. मेंढरांना त्यांच्याहून जास्त अक्कल होती. ती पाणी प्यायला आपल्या पायांनी खाली जायची.

केराबाई या वाडीत सून म्हणून आली ती खालच्या मुलखातून. माहेरी दारात आड होता. लग्नानंतर पहिल्याच दिवशी तिनं सासूला विचारलं, की पाणी खाली आहे तर आपण वर का? सासूनं तिच्या डोक्यावर चुंबळ ठेवली आणि घागर हातात दिली. उत्तर तेवढंच. पुढं नवरा गेला, केस पिकले, एकुलत्या एका लेकाचं, धुळाचं, लग्न झालं, आणि तीच चुंबळ फुलाबाईच्या, म्हणजे सुनेच्या डोक्यावर गेली. ती तिथं ठेवताना आपला हात अडखळला नाही, याची केराबाईला नंतर फार चीड यायची.

वाडीचा कारभारी मल्लप्पा. भाऊकीतला, नात्यानं तिचा धाकटा दीर. अंगानं धिप्पाड, पटका मोठा, आणि आवाज पटक्यापेक्षाही मोठा. देवी काढणारा, म्हणजे लस टोचणारा साहेब एकदा धापा टाकत वर आला आणि पुन्हा फिरकला नाही, तेव्हा मल्लप्पानं ते वाडीचं मोठेपण म्हणून सांगितलं. सरकारचीसुद्धा इथं चढायची छाती नाही, म्हणाला. त्याच साली देवीनं वाडीतली पोरं नेली. त्याबद्दल तो कुठं काही बोलला नाही.

एकोणतीस सालच्या उन्हाळ्यात फुलाबाईला दिवस भरत आले होते. केराबाईला थंडी-ताप होता, म्हणून पाण्याला पोर एकटीच गेली. चौथऱ्यावरच्या गड्यांनी तिला जाताना पाहिलं, भरल्या घागरीनं चढतानाही पाहिलं. शेवटच्या वळणावर, ठाण्याच्या पायरीशीच, तिचा पाय घसरला. घागर फुटली. रात्र सरायच्या आत मूल गेलं. फुलाबाई वाचली, पण चेहऱ्यावर रक्ताचा थेंब उरला नाही.

दुसऱ्या दिवशी बैठक बसली. केराबाईला वाटलं, पाण्याचा काही विचार होईल. ताप अंगात घेऊनच ती जाऊन उभी राहिली. मल्लप्पानं घसा खाकरला. देवाच्या पायरीवर घागर फुटणं वाडीला बरं नाही, असं सगळ्यांचं मत पडलं होतं.

“देवाच्या दारात फुटली, वैनी. बकरं द्याया लागंल.”

केराबाईनं एकेकाच्या तोंडाकडं पाहिलं. धुळाही त्यांच्यातच बसला होता, मान खाली घालून.

“घागर देवाच्या दारात फुटली,” ती म्हणाली. “आन सुनंची कूस कुणाच्या दारात फुटली, कारभारी?”

मग एकानं करडू चालेल की मोठं बकरं लागेल, असा विषय काढला.

तिनं बकरं दिलं नाही. अंगातला ताप उतरल्यावर सकाळी ती खोपट्यावर चढली आणि छप्पर उतरवू लागली. झऱ्याजवळ सासऱ्याची एक खडकाळ पट्टी होती, हुलग्याशिवाय काही न पिकणारी. तिथं जायचं तिनं ठरवलं होतं. धुळा खालून विनवत होता. लोक काय म्हणतील, याचा त्याला घोर लागला होता. “म्हननारं लोक आदी पानी भराया येऊ देत,” ती म्हणाली, “मग आयकू की त्यांचं.” त्याच दिवशी सुनेला पाठुंगळी घेऊन ती थांबत, टेकत उतरली. धुळा दोन दिवस याच्या-त्याच्या घरी जेवला. मग भाकरी वाढणारं कुणी राहिलं नाही, तेव्हा तोही शेरडं हाकत खाली आला. केराबाईनं त्याच्याकडून दगड वाहून घेतले आणि जेवायला वाढलं. बोलली मात्र नाही.

वाडीनं तिला वाळीत टाकलं. तिच्या दारी कुणी जायचं नाही, असं मल्लप्पानं बजावलं. आता ज्यांना पाणी काय चवीचं हेच ठाऊक, ते कुठून येतं ते ठाऊक नाही, अशांनी वाळीत टाकलेलं किती टिकणार? झरा तिच्या दाराशीच होता. वाडीतली प्रत्येक बाई रोज तिथं यायची, घागर टेकायची, करंजाच्या सावलीत बसायची. फुलाबाई घोंगड्यावर बसून शेंगा फोडायची. तिच्याकडं बघून बायका आपापलं सांगू लागायच्या. कुणाचं काय त्या पायवाटेवर गेलं, ते तोवर एकमेकींनाही माहीत नव्हतं.

पुढच्या चैत्रात एक दिवस मल्लप्पाची बायको कस्तुराबाई आली. तिचे गुडघे सुजून भोपळे झाले होते. घागर भरली, बसली, आणि उठलीच नाही.

“मला आता चढवत न्हाय, केराबाय,” ती म्हणाली.

“मग नका चढू.”

मल्लप्पानं निरोप धाडला, की मुकाट्यानं वर ये. कस्तुराबाईनं उलटा निरोप दिला, की भरलेली घागर न्यायला कुणाला तरी पाठवा. तिच्यामागं दुसऱ्या बायका उतरल्या, पोरं उतरली, पावसाळ्याच्या तोंडाला बरीच खोपटी खाली आली. वर राहिला चौथरा आणि चौथऱ्यावरचे पुरुष.

शेवटी तहान पटक्याला भारी पडली. मल्लप्पा स्वतः घागर घेऊन उतरला. डोक्यावर घ्यावी तर पटका चेपणार, म्हणून त्यानं ती खांद्यावर घेतली. पहिल्याच चढाला पाणी पाठीवरून धोतरात गेलं. करंजाखाली बसलेल्या बायका बघत होत्या. एकही हसली नाही, हे त्याला जास्त लागलं असावं. केराबाईनं चुंबळ पुढं केली नाही. घरात तिच्या दोन होत्या.

आठवडाभरात बिरोबानं मल्लप्पाला दृष्टांत दिला. देवाला दरीत यायचं होतं. मग ढोल वाजले, भंडारा उधळला, वर राहिलेल्या गड्यांनी देव पालखीत घालून वाजतगाजत खाली आणला.

“देवालाबी आताच तान लागली व्हय,” केराबाई म्हणाली, आणि शेरडांच्या धारा काढायला निघून गेली.

त्यानंतर वैरागच्या बाजारात मल्लप्पा देवानं गाव कसं हलवलं ते रंगवून सांगायचा. त्या गोष्टीत पायरी नव्हती, घागर नव्हती, पोर तर नव्हतंच. कुणी विचारलंच, की आधी कोण उतरलं, तर म्हणायचा, होती एक भांडखोर म्हातारी. धुळानं हे ऐकलं आणि घरी येऊन सांगितलं. तोंड तिथं उघडायचं सोडून तो इथं चिडत होता.

“भांडखोर म्हन्ला?” केराबाई म्हणाली. “एवडं तरी खरं बोलला की.”

फुलाबाई पुन्हा पोटुशी होती. धुळाच्या हातात घागर देऊन केराबाईनं त्याला झऱ्याकडं पिटाळलं.