बैल पारखावा तसं मँडोलिन

माझ्या थोरल्या भावाला बैल कळतो, याबद्दल माझी काही तक्रार नाही. सांगलीकडे आमच्या माहेरच्या गावात त्याला सोबत घेतल्याशिवाय भावकीतलं कुणी बैल आणायला जात नाही. दात, शिंगं, अंगावरचे भोवरे, सगळं तो लांबूनच सांगतो. तक्रार एवढीच की ज्याला बैल कळतो त्याला जगातलं सगळंच कळतं, अशी त्याची ठाम समजूत आहे. आणि भावकीनं ती कधी खोडून काढली नाही.

माझी लेक अकरावीत आहे. साताऱ्यात आम्ही दोघीच असतो, तिचे वडील फौजेत. ती लहानपणापासून मँडोलिन शिकते. हातात होतं ते शेजारच्या काकांचं, ऑर्केस्ट्रात वाजून वाजून दमलेलं. चाव्या इतक्या सैल की एक गाणं संपेपर्यंत दोन तारा उतरलेल्या असायच्या. तिचे सर म्हणाले, "पोरीचा हात पुढं गेलाय, वाद्य मागं राहिलंय. आता चांगलं घ्या." हे मी फोनवर बोलायचा अवकाश, भाऊ म्हणाला, "मामा हाय न्हवं अजून? भाचीचं वाद्य मामाच घेणार. सांगलीला या दोघी."

मामा म्हणाला की विषय संपला. मामाच्या आहेराला नाही म्हणणारी बाई आमच्याकडे अजून जन्मली नव्हती.

स्टँडवर उतरलो तशी भावाच्या गाडीतच शिकवणी सुरू झाली. "हे बघ पोरी, दुकानात जे आवडंल त्याला हात लावायचा न्हाई. त्याच्याकडं बघायचं बी न्हाई. तोंड पाडून हुबी ऱ्हा. दुकानदार गिऱ्हाइकाचं तोंड वाचत असतोय." बैलबाजारातली ही जुनी रीत. मनात भरलेल्या बैलाकडे पाठ करायची आणि शेजारच्या बैलाची तारीफ करायची, म्हणजे विकणारा भाव वाढवत नाही. मला वाटलं, भाऊ गंमत करतोय. लेकीला मात्र मामाचा शब्द म्हणजे ब्रह्मवाक्य.

दुकानदारानं चारपाच मँडोलिन काढून ठेवली. त्यात एक साधं तपकिरी होतं, नक्षी नाही, झळाळी नाही. त्याची तार त्यानं सहज छेडली आणि लेकीची मान गर्रकन वळली. लगेच तिनं ती सरळ केली, हात पाठीमागे बांधले आणि सांगितल्याप्रमाणे तोंड पाडलं. तोवर भावानं एक लालभडक उचललं होतं, कडेनं शिंपल्यागत चमकणारी नक्षी असलेलं. उलटं करून त्याच्या पाठीवर थाप मारली. "पाठ बघा कशी हाय! लय देखणं!"

दुकानदार म्हणाला, "ताईंना वाजवून बघू द्या की."

"घरी वाजवतीयाच की. हितं कशाला?"

मी तपकिरी वाद्याकडे बोट दाखवलं, तर म्हणतो कसा, "तिला कुठं आवडतंय ते? तोंड बघ की तिचं!" स्वतःच पाडायला लावलेलं तोंड, आणि स्वतःच त्यावर निकाल! लाल मँडोलिन घेतलं. माहेरी वहिनीनं त्याला हार घालून हळदकुंकू वाहिलं, भावकीच्या ग्रुपवर फोटो गेले, सगळ्यांनी मामाचं कौतुक केलं.

साताऱ्यात आल्यावर खरं काय ते कळलं. तारा पट्टीपासून इतक्या उंच की दाबता दाबता बोटं सोलून निघत होती. दाबल्या तरी वरच्या पडद्यांवर सूर बेसूर. लेक रोज घेऊन बसायची, मग एक दिवसाआड, मग पिशवीची चेन उघडेनाशी झाली. एका संध्याकाळी म्हणाली, "आई, माझी बोटंच बारकी आहेत. सर उगाच म्हणतात हात पुढं गेलाय म्हणून."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतक्या वर्षांची मेहनत, आणि पोर स्वतःच्या बोटांना दोष देतेय! तशीच भावाला फोन लावला.

"नवं हाय, वळण लागंल," तो म्हणाला. "नवा बैल बी पयल्यांदा मान द्येत न्हाई."

"दादा, बैल घेताना तू त्याला औताला जुंपून बघतोस का नाही?"

"आता बघावंच लागतंय."

"मग माझ्या पोरीला का नाही वाजवू दिलंस? बैलाची करतोस तेवढी तरी चौकशी भाचीची करायची होतीस!"

तो म्हणाला, "आहेर माघारी न्येणार? लोक काय म्हंतील?"

"म्हणू देत," म्हणून मी फोन ठेवला.

रविवारी आम्ही दोघी लाल मँडोलिन घेऊन पुन्हा सांगलीला गेलो. दुकानदार बदलून द्यायला तयार झाला, पण तपकिरी वाद्य जागेवर नव्हतं. "ते गेलं की," तो म्हणाला. "तुमच्या मुलीनं तर त्याच्याकडं बघितलंसुद्धा नव्हतं."

लेकीनं मान खाली घातली. "असू दे आई. हे लाल चालतं मला."

"चालतं काय चालतं!" मी एवढ्यानं ओरडले की शेजारचं गिऱ्हाईक दचकलं. "सोळाव्या वर्षी तुला चालतं म्हणायची सवय लागली, तर पुढं सगळं चालवूनच घेशील! खाली बस. अहो, तुमच्याकडं आहेत तेवढी सगळी काढा."

ती सतरंजीवर बसली. आधी भीत भीत एक घेतलं, वाजवलं, ठेवलं. मग दुसरं. दुकानदार अधूनमधून नक्षीवालं पुढे सरकवत होता, ती ते परत सरकवत होती. पुढे एक काळपट मँडोलिन तिच्या हातात आलं. पुढच्या बाजूला ओरखडा होता. त्यावर तिची बोटं अशी पळायला लागली की सोललेली आहेत हे तीच विसरली. कितीतरी वेळ तिनं वर पाहिलंच नाही.

कुणीतरी वर्दी दिली असावी, भाऊ येऊन दारात उभा होता. आहेर बदलताना मामा नको का? मला वाटलं, आता हा आत येऊन मँडोलिनची पाठ थोपटायला लागणार.

लेकीनं त्याला पाहिलं. वाद्य पोटाशी धरलं आणि दुकानदाराकडे वळून खणखणीत आवाजात म्हणाली, "मला हे खूप आवडलंय. हेच पाहिजे."

भावानं कपाळावर हात मारून घेतला. "संपलं! आता त्यो भाव उतरवंल व्हय?"

"नको उतरवू दे," मी म्हणाले.