काटा शून्यावर

आमच्या ज्युनियर कॉलेजात फिजिक्सची प्रयोगशाळा आहे, ही बातमी बारावीच्या मुलांना साधारण जानेवारीत कळते. तोवर मुलं नौपाड्यातल्या सर्वेश सरांच्या क्लासमध्ये असतात. प्रवेश आमच्याकडे, शिक्षण तिकडे आणि हजेरी दोघांच्या संगनमताने. या व्यवहाराला 'इंटिग्रेटेड' असं गोंडस नाव आहे. मी इथे केमिस्ट्री शिकवते, म्हणजे मुलं आली तर शिकवते.

वासंती मेस्त्री माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. फिजिक्स तिच्याकडे. मूळची मंडणगडकडची, सुताराची मुलगी, लग्न होऊन आंबिवलीला आली आणि तिथून रोज ठाण्याला येते. एवढी वर्षं झाली तरी तिला अक्कल आली नव्हती, असं आम्ही स्टाफरूममध्ये तिच्या तोंडावर म्हणायचो. पटावर शंभरावर नावं, बाकांवर चार डोकी, त्यातली दोन पेंगणारी. तरी बाई घंटेला खडू घेऊन वर्गात हजर.

विद्युत आणि चुंबकत्व हा तिचा जीव की प्राण. फॅब्रिकेशनच्या दुकानातून लोखंडाचा कीस मागून आणायची, कागदावर पसरायची आणि खालून चुंबक फिरवायची. तारेतून करंट सोडला आणि शेजारच्या होकायंत्राची सुई वळली की मुलांपेक्षा हीच जास्त खूश. "आधी काट्याकडे बघायचं, मग वहीकडे," हे तिचं पालुपद. काटा दाखवेल तेच लिहायचं. पुस्तकाशी जुळलं नाही तर जोडणी तपासायची, पण आकडा हाताने बदलायचा नाही.

हे मनावर घेणारी गेल्या वर्षी एकच निघाली, मेघाली नाखवा. खाडीकडच्या कोळीवाड्यातली पोर, आई मालू बाजारात मासळी विकते. क्लास परवडत नाही म्हणून ही कॉलेजात येत असेल, अशी माझी समजूत होती. तसं नव्हतं. दहावीचे गुण बघून सर्वेश सरांनी तिला फुकट जागा देऊ केली होती. ती आठवडाभर बसली आणि परत आली. "तिथे काटाच नाय ना मॅडम," ती मला म्हणाली, "नुसते फॉर्म्युले. कुठून आला विचारलं तर सर बोलतात, पेपरात येणार नाय." तिला पुण्याच्या एका संस्थेत फिजिक्सच शिकायचं होतं. तिथली प्रवेश परीक्षा अवघड, पण ती काढेल याची वासंतीला खात्री होती. दुसरी अट बारावीला पंचाहत्तर टक्क्यांची.

फेब्रुवारीत बोर्डाची प्रॅक्टिकल परीक्षा झाली. त्या दिवशी मी मदतीला प्रयोगशाळेत होते. खिडकीकडच्या रांगेला मीटर ब्रिजचा प्रयोग होता. त्यात फळीवर एक मीटरभर तार ताणलेली असते. तिच्यावर दुसऱ्या तारेचं टोक टेकवत टेकवत पुढे जायचं. करंट दाखवणाऱ्या गॅल्व्हनोमीटरचा काटा आधी एका बाजूला झुकतो, पुढे दुसऱ्या बाजूला. मध्ये एकाच जागी तो शून्यावर येतो, ती जागा शोधायची आणि हिशेब करायचा. उत्तर किती यायला हवं ते क्लासने आधीच पाठ करून घेतलेलं असतं. मुलं उत्तरावरून उलटा हिशेब करून जागा लिहितात.

अर्ध्या तासात त्या रांगेतल्या सगळ्यांचे आकडे तयार होते. मेघालीचा कागद कोरा होता. तिने सगळे स्क्रू पुन्हा आवळले, तारांची टोकं घासली, शेवटी हात वर केला.

"मॅडम, काटा हालत नाय. कुठेही टेकवलं तरी शून्यावरच."

वासंतीने बघितलं. त्या रांगेचा सप्लायच बंद होता. एकाही टेबलावर वीज नव्हती. वीज नसलेल्या तारेवर शेजारच्या दहा-बारा जणांनी ती जागा शोधून काढली होती, तीही दशांशासकट.

बाहेरून आलेल्या परीक्षकांना दुपारी आणखी एक कॉलेज उरकायचं होतं. ते मेघालीला म्हणाले, "काटा शून्यावरच हवा ना? आहे की. मग लिही."

"सर, पण सगळीकडेच शून्य आहे."

"बाकी सगळ्यांची रीडिंग्ज आली. तुझीच कशी नाही येत?"

"सर, या रांगेचा सप्लाय गेलाय," वासंती म्हणाली. "तिला दुसऱ्या टेबलावर बसवते."

परीक्षक साहेबांनी वासंतीला बाजूला घेतलं. आवाज चढवला नाही, तेवढी सभ्यता त्यांच्यात होती. "बसवा. पण मग सप्लाय नव्हता हे मला लिहावं लागेल. ते लिहिलं की या बाकीच्या पेपरांचं काय करायचं तेही तुम्हीच सांगा. चौकशी लागली की अख्ख्या बॅचचा निकाल अडकतो. त्यात हीसुद्धा आली."

प्रिन्सिपॉल दारात उभे होते. त्यांच्या मागे पुढच्या वर्षीची शंभर ॲडमिशन्स उभी होती. वासंतीने एकदा माझ्याकडे बघितलं आणि ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. तिच्या जागी आपण काय केलं असतं हे छाती ठोकून सांगणारे मला पुष्कळ भेटले. त्यांतलं कुणी त्या दिवशी तिथे नव्हतं.

मेघालीने पूर्ण सर्किट काढलं आणि खाली लिहिलं, 'विद्युतप्रवाह नाही, म्हणून निरीक्षण नाही.' त्या खोलीतलं तेवढं एकच खरं वाक्य होतं. तिला तीसपैकी सोळा मिळाले. शेजारच्यांना अठ्ठावीस, एकोणतीस.

पुण्याची परीक्षा ती पास झाली. बारावीचे टक्के चौऱ्याहत्तरवर अडकले. पाच-सहा गुणांनी गेलं, आणि ते कुठे गेले हे आम्हा तिघींनाही ठाऊक होतं. मला भयंकर राग आला होता, अजून आहे, आणि त्याचा कुणाला काडीचा उपयोग नाही.

मार्कशीट घ्यायला ती आली तेव्हा स्टाफरूममध्ये आम्ही दोघीच होतो. रडली नाही. पेढे मात्र आणले होते, आईने पाठवलेले. आम्ही एकेक घेतला. मग तिने विचारलं, "मॅडम, खरं सांगा. मीपण मनाचे आकडे लिहून टाकायला हवे होते का?"

वासंती नाही म्हणेल, याची मला खात्री होती. तिने हातातला अर्धा पेढा टेबलावर ठेवला.

"हो," ती म्हणाली.

मेघालीने मार्कशीट नीट घडी घालून पिशवीत ठेवली. "मग मॅडम, तसंच शिकवायचं होतं ना," एवढंच म्हणाली आणि गेली.

या जानेवारीत नवी बॅच प्रयोगशाळेत आली. मी शेजारी माझ्या बाटल्या पुसत होते, मधलं दार उघडं होतं. वासंती फळ्यावर मीटर ब्रिजचं उत्तर आधी लिहून त्यावरून जागा कशी काढायची ते शिकवत होती. तिच्याइतकं नीट कोण शिकवणार? "सगळ्यांनी एकच आकडा लिहू नका," ती सांगत होती. "दशांशात थोडा थोडा फरक ठेवा, म्हणजे खरं वाटतं."

मुलं भराभर उतरवून घेत होती. इतकी मन लावून ऐकणारी मुलं तिला इतक्या वर्षांत मिळाली नव्हती.